घरच्या सर्व्हरवरील पत्त्यांचा घोळ : कारणे आणि निदान

रात्री अकरा वाजता घरच्या सर्व्हरवर एक किरकोळ बदल केला, सर्व काही सुरळीत चालल्याची खात्री केली आणि मंडळी झोपी गेली. सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयाची बैठक ऐन भरात असताना लॅपटॉपची जोडणी तुटली. पाठोपाठ मुलाच्या ऑनलाइन वर्गाचा संगणक गेला आणि मग दारावरचा कॅमेरा. तारेला कुणी हातही लावलेला नव्हता. अशा वेळी दोष इंटरनेट पुरवठादाराच्या माथी मारला जातो, सगळी यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली जातात आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर सर्व मांडणी पुसून नव्याने सुरुवात होते. मूळ कारण मात्र आदल्या रात्रीच्या त्या किरकोळ बदलातच दडलेले असते.

छायाचित्रे व चित्रफिती साठवणे, कॅमेऱ्यांचे चित्रण ठेवणे आणि जोडीला राऊटरचे काम करणे, यासाठी अनेक घरांत आता एक छोटा संगणक अखंड चालू असतो. त्याला तारा जोडण्यासाठी दोन, चार किंवा सहा नेटवर्क पोर्ट असतात. पोर्ट वाढले की पत्तावाटपाचे प्रश्नही वाढतात. हे प्रश्न गूढ वाटले, तरी त्यांची कारणे मोजकी असतात. क्रमाने शोधल्यास ती सापडतात. त्यासाठी पत्ता मिळतो कसा, हे आधी समजून घ्यायला हवे.

चार वाक्यांचा संवाद

जाळ्यात नव्याने आलेल्या यंत्राला आपोआप पत्ता देणाऱ्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. १९८५ सालच्या बूटपी या पद्धतीतून ती विकसित झाली. तिचा पहिला मसुदा १९९३ मध्ये आला आणि आजही आधारभूत मानला जाणारा आरएफसी २१३१ हा दस्तऐवज मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक राल्फ ड्रोम्स हे त्या वेळी अमेरिकेतील बकनेल विद्यापीठात होते.

हा संवाद चार वाक्यांचा असतो. नवे यंत्र ‘पत्ता देणारे कुणी आहे का?’ अशी हाक देते, ही ‘डिस्कव्हर’. सर्व्हर एक पत्ता पुढे करतो; ही ‘ऑफर’. यंत्र ‘हाच पत्ता मला द्या’ असे सांगते, ही ‘रिक्वेस्ट’. सर्व्हर ‘दिला’ म्हणतो, ही ‘ॲक’. त्यासाठी सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि यंत्र ६८ क्रमांकावर. येथे पोर्ट म्हणजे तारेची खोबण नव्हे. तो केवळ संदेश कोणत्या कामाचा आहे हे सांगणारा क्रमांक आहे. या लेखात अन्यत्र ‘पोर्ट’ हा शब्द खोबणीसाठीच वापरला आहे.

पहिल्या हाकेच्या वेळी यंत्राला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचाही ठाऊक नसतो. त्यामुळे ती हाक सर्वांना उद्देशून दिली जाते. अशी हाक राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. एका पोर्टला जोडलेल्या यंत्राची हाक दुसऱ्या पोर्टवर आपोआप ऐकू येत नाही, हे येथील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. सर्व्हर एकच असला, तरी त्याच्या प्रत्येक पोर्टवरचा संवाद स्वतंत्र असतो.

बिघाड आधी, लक्षण नंतर

मिळालेला पत्ता कायमचा नसतो. घरभाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारासारखी त्याला मुदत असते. निम्मी मुदत संपली की यंत्र मूळ सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. उत्तर आले नाही, तर ८७.५ टक्के मुदत संपल्यावर ते कुठल्याही सर्व्हरने उत्तर द्यावे म्हणून सर्वांना हाक देते. तरीही कुणी बोलले नाही, तर मुदत संपताच पत्ता सोडून देते.

मुदत बारा तासांची असेल, तर नूतनीकरणाचा पहिला प्रयत्न सहा तासांनी होतो, सर्वांना हाक साडेदहा तासांनी जाते आणि पत्ता बाराव्या तासाला जातो. लॅपटॉपचे शेवटचे नूतनीकरण रात्री दहाला झाले आणि अकराला पत्तावाटप बंद पडले, तर लॅपटॉप सकाळी दहापर्यंत बिनबोभाट चालतो. प्रत्येक यंत्राची मुदत वेगळ्या क्षणी सुरू झालेली असल्यामुळे ती एकामागून एक गळू लागतात. म्हणूनच ‘आत्ता काय बदलले?’ या प्रश्नाऐवजी ‘गेल्या एका मुदतीत काय बदलले?’ असे विचारावे. बदल केल्यावर तो पारखण्यासाठी एखाद्या यंत्राचा पत्ता मुद्दाम सोडून नव्याने मागावा. जुन्या पत्त्यावर चालणारे यंत्र ही बदल यशस्वी झाल्याची खूण नव्हे.

आधी मांडणी ठरवा

अनेक पोर्ट वापरण्याच्या दोन सरळ रीती आहेत. पहिलीत प्रत्येक पोर्ट हे स्वतंत्र उपजाल असते. गृहनिर्माण संस्थेत ए विंग आणि बी विंग असतात, तसे हे आहे. १०१ क्रमांकाची सदनिका दोन्हीकडे असली, तरी विंगच्या नावामुळे गोंधळ होत नाही. उदाहरणार्थ, पहिला पोर्ट पुरवठादाराच्या पेटीला, दुसरा घरातील संगणकांना, तिसरा वाय-फायला आणि चौथा कॅमेऱ्यांना द्यावा. दुसऱ्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.१, तिसऱ्याचा १९२.१६८.२०.१ आणि चौथ्याचा १९२.१६८.३०.१ असा ठेवावा. प्रत्येक उपजालात शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटपासाठी राखावेत. १९२.१६८ ने सुरू होणारी ही पत्त्यांची मालिका खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार राखून ठेवलेली आहे.

दुसऱ्या रीतीत काही पोर्ट एका ‘ब्रिज’मध्ये बांधले जातात. मग ते सर्व मिळून एका साध्या स्विचसारखे वागतात आणि सर्वांचे उपजाल एकच असते. या वेळी पत्ता ब्रिजला द्यायचा. त्यातील एकाही पोर्टला स्वतंत्र पत्ता द्यायचा नाही. पत्तावाटपाची आज्ञावलीही ब्रिजच्या नावावर ऐकत हवी. पोर्ट ब्रिजमध्ये घातले, पण आज्ञावलीत जुन्या पोर्टचेच नाव राहिले, ही अत्यंत सामान्य चूक आहे.

दोन पोर्टना ब्रिजविना एकाच उपजालातील पत्ते देणे, ही तिसरी रीत टाळावी. लिनक्समध्ये पत्ता हा एका पोर्टचा नव्हे, तर संपूर्ण यंत्राचा मानला जातो. त्यामुळे एका पोर्टच्या पत्त्याची चौकशी दुसऱ्या पोर्टवर आली, तरी यंत्र उत्तर देते. उत्तरे भलत्याच वाटेने जातात आणि जोडणी कधी चालते, कधी चालत नाही.

लक्षण पहिले : पत्ताच मिळत नाही

विंडोज किंवा मॅक संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याच्या हाकेला कुणी उत्तर दिले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असे समजावे. या स्वयंघोषित पत्त्यांचे नियम २००५ च्या आरएफसी ३९२७ मध्ये आहेत. अँड्रॉइड फोन बहुधा ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या टप्प्यावरच अडकतो. अशा वेळी पुढील क्रमाने पाहावे.

एक, पोर्टचा दिवा लागला आहे का? तार सैल असेल, तर पुढचे सर्व व्यर्थ. पेटीवरील कोणती खोबण म्हणजे लिनक्समधील कोणते नाव, हेही पडताळावे. ‘एथटूल’ या साधनाने बऱ्याच कार्डांवर हव्या त्या पोर्टचा दिवा लुकलुकवता येतो. लिनक्समध्ये पूर्वी इथ-शून्य, इथ-एक ही नावे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदल होऊ शकत. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवर आधारित नावे रूढ झाली. तरीही नवे कार्ड बसवल्यावर जागांचे क्रमांक सरकून ही नावे बदलू शकतात. मग आज्ञावली अस्तित्वातच नसलेल्या पोर्टची वाट पाहत बसते.

दोन, सर्व्हरच्या त्या पोर्टला स्वतःचा स्थिर पत्ता आहे का? दुसऱ्यांना पत्ते वाटणाऱ्या पोर्टचा स्वतःचा पत्ता हाताने दिलेला असावा आणि तो वाटपाच्या मालिकेच्याच उपजालातील असावा. तसे नसेल, तर ‘डीएनएसमास्क’ ही आज्ञावली आपल्या नोंदवहीत ‘नो ॲड्रेस रेंज अव्हेलेबल’ अशी तक्रार नोंदवते. आयएससीची जुनी डीएचसीपी आज्ञावली याच प्रसंगी ‘नो सबनेट डिक्लरेशन’ असे म्हणते. या जुन्या आज्ञावलीची देखभाल आयएससीने २०२२ मध्ये थांबवली असून ‘किया’ ही तिची उत्तराधिकारी आहे.

तीन, आज्ञावली त्या पोर्टवर ऐकते आहे का? दोन पोर्टवर चालणारी मांडणी चारवर नेताना नव्या पोर्टची नावे यादीत घालायची राहून जातात. कधी पोर्ट तयार होण्याआधीच आज्ञावली सुरू होते आणि त्या पोर्टवर ऐकायचे राहून जाते. तिला हाताने पुन्हा सुरू केल्यावर सर्व ठीक होते. पण वीज जाऊन आली की दुखणे परतते. असे वारंवार घडत असेल, तर आज्ञावली नेटवर्क सज्ज झाल्यानंतरच सुरू होईल, अशी व्यवस्था करावी.

चार, फायरवॉल आड येते आहे का? फायरवॉलचे नियम बहुधा पोर्टच्या नावाने लिहिलेले असतात. नवा पोर्ट विश्वासाच्या यादीत नसेल, तर ६७ क्रमांकावर येणारी हाक दारातच अडवली जाते.

पाच, पत्ते संपले आहेत का? वीस पत्त्यांची मालिका आणि आठवड्याची मुदत असेल, तर पाहुण्यांचे फोनच ती खाऊन टाकतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फाय जाळ्यासाठी वेगळा, यादृच्छिक मॅक क्रमांक वापरतात. जाळे विसरून पुन्हा जोडल्यावर हा क्रमांक बदलला, तर सर्व्हरला तोच फोन नवा भासतो. मालिका मोठी आणि मुदत लहान ठेवणे, हा यावरचा उपाय होय.

सहा, उशीर होतो आहे का? ब्रिजवर किंवा स्विचवर स्पॅनिंग ट्री ही फेरे टाळणारी व्यवस्था चालू असेल, तर तिच्या मूळ पद्धतीत तार जोडल्यानंतर सुमारे तीस सेकंद वाहतूक सुरू होत नाही. तोवर यंत्राच्या हाका वाया जातात. पत्ता पहिल्या प्रयत्नात मिळत नाही, पण मिनिटभराने मागितल्यास मिळतो, हे त्याचे चिन्ह. मात्र उपाय म्हणून ही व्यवस्था सरसकट बंद करू नये. ब्रिजमधील दोन पोर्ट चुकून एकाच स्विचला जोडले गेले, तर हाकांचा फेरा सुरू होऊन संपूर्ण जाळे ठप्प होते.

लक्षण दुसरे : पत्ता मिळतो, पण भलताच

संगणकाला १९२.१६८.१० ऐवजी १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर त्या जाळ्यात पत्ते वाटणारे आणखी कुणीतरी आहे. एकाच संस्थेत दोन सचिव वाहनतळाच्या जागा वाटू लागले, तर जे होईल तेच येथे होते. घरांतील नेहमीचा अपराधी म्हणजे वाय-फायसाठी पुन्हा वापरात आणलेला जुना राऊटर. त्यातील डीएचसीपी बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मोकळ्या क्रमांकावर ठेवावा आणि सर्व्हरकडून आलेली तार त्याच्या वॅन खोबणीत न लावता लॅन खोबणीत लावावी.

दुसरी शक्यता तारांची आहे. पुरवठादाराची पेटी आणि घरातील संगणक एकाच साध्या स्विचला जोडले गेले, तर दोन उपजाले एकमेकांत मिसळतात आणि जो आधी बोलेल त्याचा पत्ता मिळतो. दोषी यंत्र शोधणे सोपे आहे. ज्या सर्व्हरने पत्ता दिला, त्याचा पत्ता संगणकाच्या नेटवर्क तपशिलात ‘डीएचसीपी सर्व्हर’ या शीर्षकाखाली दिसतो.

एक बारकावा येथे नोंदवायला हवा. दुसऱ्या पोर्टवरचा लॅपटॉप तिसऱ्यावर नेला, तर तो आधी जुनाच पत्ता मागतो. सर्व्हरला त्या उपजालाचा अधिकृत वाटपकर्ता म्हणून घोषित केले असेल, तर तो ‘नॅक’ म्हणजे स्पष्ट नकार देतो आणि लॅपटॉप लगेच नवा पत्ता घेतो. तशी घोषणा नसेल, तर सर्व्हर गप्प राहू शकतो आणि लॅपटॉप बराच वेळ ताटकळतो. घरात वाटपकर्ता एकच असेल, तर ही घोषणा जरूर करावी.

लक्षण तिसरे : सर्व्हरच पत्ता मागणारा असेल तेव्हा

पहिल्या पोर्टवर सर्व्हर स्वतः पुरवठादाराच्या पेटीकडून पत्ता घेतो. ती पेटी १९२.१६८.१ ची मालिका वाटत असेल आणि आपणही घरात तीच मालिका ठेवली असेल, तर कोणता संदेश कोणत्या पोर्टने पाठवायचा, हे सर्व्हरला ठरवता येत नाही. घरासाठी वेगळी मालिका निवडणे, एवढाच यावरचा उपाय आहे.

दोन पोर्टनी बाहेरून पत्ते घेतले, तर प्रत्येकासोबत एक गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याची वाट, मिळते. दोन मुख्य वाटांपैकी कोणती निवडायची, हे ‘मेट्रिक’ या आकड्यावरून ठरते; लहान आकड्याला पसंती मिळते. एकच वाट हवी असेल, तर दुसऱ्या पोर्टला गेटवे न स्वीकारण्याची सूचना द्यावी.

ब्रिजच्या पत्त्याचेही एक वैशिष्ट्य आहे. लिनक्सचा ब्रिज मुद्दाम काही सांगितले नसल्यास आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक क्रमांक धारण करतो. त्यामुळे नवा पोर्ट जोडताच ब्रिजची ओळख बदलू शकते आणि त्याला वेगळाच पत्ता मिळतो. ब्रिजला मॅक क्रमांक हाताने नेमून दिला की हा प्रश्न मिटतो.

एका सर्व्हरची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवल्यास दोघांना एकच पत्ता मिळण्याचा प्रकारही घडतो. सिस्टमडीची नेटवर्क व्यवस्था ओळख सांगताना मॅक क्रमांकाऐवजी प्रणालीच्या मशीन-आयडीपासून बनवलेली खूण वापरते. प्रतीत तीच मशीन-आयडी उतरते आणि पोर्टची नावेही सारखी असली, तर दोन्ही यंत्रे एकच भासतात. प्रतीची मशीन-आयडी नव्याने तयार करावी किंवा मॅक क्रमांकावरून ओळख देण्याची सूचना करावी.

तार न जोडलेला पोर्ट पत्त्याची वाट पाहत राहिल्यामुळे सर्व्हर सुरू होण्यास दोन मिनिटे लागतात, हीदेखील नित्याची तक्रार आहे. तो पोर्ट ऐच्छिक असल्याची नोंद केली की हा विलंब टळतो.

संवाद प्रत्यक्ष ऐका

वरील तपासणीने उलगडा झाला नाही, तर तर्क थांबवून संवाद ऐकावा. ‘टीसीपीडम्प’ या साधनाला पोर्टचे नाव आणि ६७ व ६८ हे क्रमांक सांगितले, की त्या पोर्टवरील चारही वाक्ये पडद्यावर उमटतात. मग एका यंत्रावर पत्ता नव्याने मागावा आणि साखळी कोठे तुटते ते पाहावे.

डिस्कव्हर दिसतच नसेल, तर दोष तारेत, स्विचमध्ये किंवा पोर्ट ओळखण्यात आहे. डिस्कव्हर येते पण ऑफर जात नाही, तर दोष सर्व्हरवर आहे : स्थिर पत्ता, पोर्टांची यादी, फायरवॉल किंवा संपलेली मालिका. ऑफर जाते पण रिक्वेस्ट येत नाही, तर ती यंत्रापर्यंत पोहोचत नाही किंवा यंत्राने दुसऱ्याच सर्व्हरची ऑफर स्वीकारली आहे. रिक्वेस्टला नॅक मिळत असेल, तर यंत्र परक्या उपजालातील पत्ता मागते आहे. चारही वाक्ये पूर्ण होऊनही इंटरनेट चालत नसेल, तर पत्तावाटपाने आपले काम बहुतांशी केले आहे. आता पत्त्यासोबत योग्य गेटवे व डीएनएस सर्व्हर दिला जातो का आणि एका पोर्टवरून दुसऱ्यावर वाहतूक पुढे पाठवण्याची मुभा सर्व्हरला आहे का, हे पाहावे.

थोडी पूर्वतयारी

काही सवयी लावून घेतल्या, तर बिघाडाच्या दिवशी धावपळ होत नाही. प्रत्येक पोर्टचे नाव, मॅक क्रमांक, उपजाल आणि वाटपाची मालिका एका कागदावर लिहून तो सर्व्हरजवळच चिकटवावा. जाळे बंद पडल्यावर संगणकात ठेवलेली टिपणे उघडतीलच असे नाही. एक पोर्ट देखभालीसाठी राखून त्याला स्थिर पत्ता द्यावा, म्हणजे वाटप बंद असतानाही लॅपटॉपला हाताने पत्ता देऊन सर्व्हरपर्यंत पोहोचता येते. बदलापूर्वी मांडणीच्या फाइलची प्रत ठेवावी. डीएनएसमास्क व किया या दोन्हींत सुरू करण्याआधी फाइल तपासून पाहण्याची सोय आहे, ती वापरावी. एका वेळी एकच बदल करावा. मोठा बदल करण्याच्या आदल्या दिवशी मुदत तासाभरावर आणावी, म्हणजे चूक झालीच, तर ती आपण सर्व्हरसमोर असतानाच उघडी पडेल.

आणि सर्व मांडणी पुसून टाकण्याचे बटण दाबण्यापूर्वी पाच मिनिटे नोंदवही वाचावी. त्या बटणाने बिघाडाबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो. मग तोच बिघाड पुन्हा उद्भवला, की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.